मुधोळ हाउंड घरी नेण्याआधी

बेळगावला लागूनच बागलकोट जिल्हा, आणि त्यात घटप्रभेच्या काठी मुधोळ हे घोरपड्यांचं जुनं संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी आसपासच्या शिकाऱ्यांकडची ही सडपातळ कुत्री जमवून निवडक पैदास केली आणि एक जोडी विलायतेत पाचव्या जॉर्ज बादशहाला भेट दिली. मूळ सालुकीसारख्या पश्चिम आशियातल्या कुत्र्यांत असावं, व्यापारी तांड्यांबरोबर ती दख्खनेत उतरली, असं मानतात. जुने लोक 'कारवानी' म्हणतात. कानाशेपटीला लांब केस असले तर 'पश्मी'. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या कागदावर 'कॅरव्हॅन हाउंड' लिहिलेलं दिसेल. कुत्रं तेच.

२००५ साली टपाल तिकिटावर आणि २०१६ मध्ये लष्कराच्या मेरठ केंद्रात हे कुत्रं पोहोचलं, तशी विचारपूस वाढली. त्यापाठोपाठ ग्रेहाउंडशी संकर केलेली पिल्लंही 'अस्सल मुधोळ' म्हणून विकायला येऊ लागली. पिल्लू कुठूनही घ्या, आई दाखवा म्हणा. मुधोळजवळ तिम्मापूरला सरकारी श्वान संशोधन केंद्र आहे, तिथंही चौकशी करता येते.

स्वभाव

हे नजरेवर शिकार करणारं कुत्रं. लांब शिवारात काही हललं की सुटलं. मग तुमची हाक ऐकू येत असली तरी थांबेल असं नाही. शेजाऱ्यांच्या कोंबड्या, मांजर, शेळीची पिल्लं यांच्याजवळ मोकळं सोडू नका. रस्त्याकडेला तर नकोच.

परक्याने डोक्यावर हात ठेवलेला त्याला खपत नाही. घरातल्या एकाला धरून असतं, बाकीच्यांना सांभाळून घेतं. ओरडलात, मारलंत, तर बिथरतं आणि दिवसभर कोपऱ्यात बसून राहतं. गोडीनं शिकवलं तर शिकतं, पण हुकूम सोडायची हौस असणाऱ्याने दुसरी जात बघावी.

"वस्तीवर साखळीला बांधायला राखणदार पाहिजे" म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाला आम्ही पिल्लू देत नाही. बांधून ठेवलेलं मुधोळ चिडकं होतं, नाहीतर मलूल. शिकारीसाठी मागणाऱ्यालाही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, आणि रानातला ससा त्यात येतो. पळायची हौस कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत रोज भागवा. उन्हाळ्यात पहाटे, ऊन चढायच्या आत.

देखभाल

पूर्ण वाढलेला नर साधारण ६८ ते ७२ सेंटिमीटर उंच, मादी थोडी कमी. शेवटच्या बरगड्या दिसतात, म्हणून उपाशी समजून खाऊ घालत सुटू नका. लठ्ठ मुधोळचे सांधे लवकर जातात. ज्वारीची भाकरी, अंडं, उकडलेलं चिकन चालतं, मात्र तिखट रश्श्यात कालवलेलं उरलंसुरलं आणि कांदा-लसूण नको. छाती खोल असल्याने पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. दिवसाचं खाणं दोन वेळा विभागून द्या, आणि पळवून आणल्यावर तासभर तरी काही घालू नका.

अंगावर चरबी नाही, केस आखूड. थंडीत आणि पावसात निवाऱ्याला पोत्यांचं जाड अंथरूण लागतं, नाहीतर फरशीवर कोपरं-ढुंगणाला घट्टे पडतात. कातडी पातळ, काटेरी तारेला लागली की उभी फाटते. मान डोक्याएवढीच, म्हणून साधा पट्टा डोक्यावरून निसटतो. रुंद, ओढला की आवळणारा घ्या. गोचीड रोज काढा, गोचीड-ताप जिवावर बेततो.

ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना आधीच सांगा की हे हाउंड आहे. थायोपेंटोनसारख्या भुलीतून ही कुत्री उशिरा शुद्धीवर येतात.

पिल्लू ८ आठवड्यांचं झाल्याशिवाय देत नाही, नियमही तोच आहे. पहिली लस दिलेली असते. पुढचे डोस आणि तिसऱ्या महिन्यातली रेबीजची लस तुमच्याकडे. बघायला येताना घरातल्या सगळ्यांना घेऊन या, तेही सकाळी. दुपारी ही मंडळी गाढ झोपलेली असतात.