पऱ्यावर साकव हवाय? आधी पुराची खूण दाखवा

"पऱ्या बारा फूट रुंद आहे, साकवाला किती येईल?" पऱ्या म्हणजे ओढा, साकव म्हणजे त्यावरचा छोटा पूल. आम्ही साकव बांधतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये असे फोन रोजचे. आम्ही फोनवर आकडा सांगत नाही म्हणून काहीजण नाराजही होतात. पण बारा फूट ही उन्हाळ्यातली रुंदी. जुलैत तोच पऱ्या बांध ओलांडून कलमांत शिरतो, आणि साकव बांधायचा तो त्या पाण्यासाठी.

तेव्हा टेप घेऊन पात्रात उतरण्याआधी काठावरची झाडं बघा. बुंध्याला अडकलेलं गवत, प्लास्टिक, गाळाचा पट्टा, ही पुराची खूण. तिथून तळापर्यंतची उंची आणि त्या पातळीला दोन काठांमधलं अंतर मोजा. पाणी याच्याही वर कधी आलं होतं का, ते वाडीतल्या जाणत्यांना विचारा. तळाला कातळ आहे की गोटे-वाळू, तेही कळवा. कातळ असला तर पायाचा खर्च बराच उतरतो.

पैसे वाचवायला भराव पुढे ओढून पाण्याची वाट अरुंद करू नका. वेग वाढतो आणि पाया खालून खरवडला जातो. भरावाखालून पाणी जायला टाकायच्या नळांचंही (पाइपांचं) तसंच. 600 मिमीचे चार नळ काय नि 1200 मिमीचा एक काय, कागदावर वाट सारखीच, साधारण 1.13 चौरस मीटर. पण लहान नळात एक फांदी आडवी बसली, तिच्यावर चार झावळ्या अडकल्या, की तोंड बंद. एका बागायतदारांच्या हट्टापायी आम्ही असे चार नळ टाकले होते. पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याने बाजूचा भराव कापला. नळ जागेवर, रस्ता गायब. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. आता म्हणतो.

दिवसाला चार-पाच गाड्यांच्या रस्त्याला उंच पूल लागतोच असं नाही. वर्षातले काही तास रस्ता बंद राहिलेला चालत असेल, तर पाण्याखाली जाणारी फरशी खूप स्वस्त पडते. मात्र पाणी उतरतं त्या खालच्या अंगाला कट-ऑफ भिंत (जमिनीत खोल उतरवलेली आडवी भिंत) आणि दगडी पिचिंग (दगड बसवलेलं अस्तर) हवंच, पाणी तिथेच खणतं. भरीव कठडा मागू नका, कचरा अडतो. रस्त्याची कड दाखवणारे, पांढरे रंगवलेले गाइड स्टोन पुरतात. आणि वरून पाणी जात असताना गाडी घालायची नाही, रस्ता कितीही पायाखालचा असो.

"फक्त रिक्षा आणि आंब्याची पिकअप" असं सगळेच सांगतात. मग एक दिवस बोअरवेलची गाडी येते. आम्ही हिशेब तिचा धरतो, म्हणून आमचं दरपत्रक थोडं जड दिसतं.

जागा पाहण्याचं शुल्क घेतो; काम दिलंत तर बिलातून वजा. खूण जुलै-ऑगस्टमध्येच रंगाने करून फोटो पाठवा. दिवाळीनंतर काम धरलं तर पावसाआधी स्लॅबचं काँक्रीट पक्कं व्हायला 28 दिवस आरामात मिळतात. मेमध्ये आलात, तर तारीख पुढच्या हंगामाची मिळेल.