'ऑलिंपिया'वरच्या गदारोळाची पार्श्वभूमी

1865 साली पॅरिसच्या सरकारी कलाप्रदर्शनात एका चित्रापुढे रोज झुंबड उडत होती. लोक खिदळत, शिव्या देत, पुन्हा बघायला येत. चित्रावर कुणी हात टाकील या धास्तीने दोन पहारेकरी उभे करावे लागले. तरीही भागेना, तेव्हा ते चित्र शेवटच्या दालनात, दरवाजाच्या वर, नीट दिसणारही नाही इतक्या उंच टांगण्यात आले. फ्रेंच चित्रकार एदुआर माने याचे हे चित्र म्हणजे 'ऑलिंपिया'. पलंगावर रेललेली नग्न तरुणी, फुलांचा गुच्छ घेऊन आलेली कृष्णवर्णीय दासी आणि पायथ्याशी शेपटी ताठ केलेले काळे मांजर.

नग्नतेमुळे पॅरिस बिथरले, असे सर्रास सांगितले जाते. ते पटण्यासारखे नाही. दोनच वर्षांपूर्वी याच प्रदर्शनात अलेक्सांद्र काबानेलने लाटांवर लोळणारी विवस्त्र प्रेमदेवता व्हीनस मांडली होती आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने ती स्वतः विकत घेतली होती. देवी म्हटले की वस्त्रांची अट आपोआप शिथिल होई.

हे प्रदर्शन म्हणजे 'सलाँ'. चित्रकाराचे नाव, गिऱ्हाईक, सरकारी काम, सगळे त्यावर अवलंबून असे. 1863 मध्ये निवड समितीने पाच हजारांवर आलेल्या कलाकृतींपैकी निम्म्याहून अधिक नाकारल्या. ओरड इतकी झाली की सम्राटाने नाकारलेल्यांचे वेगळे प्रदर्शन भरवायला लावले. मानेचे 'गवतावरची न्याहारी' तिथेच लागले. कोट घातलेल्या दोन पुरुषांशेजारी बसलेली ती नग्न बाई बघून लोकांनी यथेच्छ टिंगल केली. त्यामुळे दोन वर्षांनी समितीने 'ऑलिंपिया' स्वीकारले, तेव्हा माने हे नाव आधीच बदनाम होते.

चित्राची मांडणी मात्र मानेने परंपरेतूनच उचलली होती. इटालियन चित्रकार तिशीनचे 1538 चे चित्र, 'उर्बिनोची व्हीनस', त्याने तरुणपणी फ्लॉरेन्समध्ये पाहून त्याची नक्कल काढली होती. तीच ढब, तसाच पलंग, तसाच मांडीवर टेकलेला हात. पण तिशीनच्या चित्रात पायाशी झोपलेल्या कुत्र्याच्या जागी मांजर आले. गळ्यात काळी फीत, केसांत फूल, पायात सपाता आल्या. ऑलिंपिया हे नावही तेव्हाच्या पॅरिसमध्ये गणिकेचे म्हणून ओळखीचे होते. वेश्याव्यवसायाची पोलिसांत नोंद आणि वैद्यकीय तपासणी होणारे ते शहर. म्हणजे बायकोच्या हातात हात घालून सलाँ बघायला आलेल्या सभ्य गृहस्थाला ही बाई कोण आणि गुच्छ कुणी पाठवला, हे कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यातून ती लाजत नाही, डोळे मिटत नाही; थेट बघणाऱ्याकडे बघते. माझ्या मते खरी खोच तिथे आहे.

रंगकामानेही जाणकारांचा तिळपापड झाला. समोरून पडलेला कडक उजेड, उजेड-सावलीमधल्या मऊ छटा जवळजवळ गाळलेल्या, कडा ठसठशीत. कुणाला ती मळकट दिसली, एकाने तिची तुलना गोरिलाच्या मादीशी केली. स्वतः बंडखोर असलेला चित्रकार कूर्बेही म्हणाला की ही तर न्हाऊन आलेली इस्पिकची राणी. दासी म्हणून चित्रासाठी उभ्या राहिलेल्या लोर या बाईबद्दल मात्र टीकाकारांना फारसे काही म्हणायचे नव्हते.

माने खचला. शिव्या गारांसारख्या बरसताहेत, असे त्याने ब्रसेल्समध्ये असलेल्या कवी बोदलेरला लिहिले. बोदलेरने सांत्वन करण्याऐवजी झापले: लेखक शातोब्रियाँ आणि संगीतकार वाग्नर यांचीही थट्टा झाली, ते काही त्याने मेले नाहीत. लेखक एमिल झोलाने 1867 मध्ये बाजू घेतली, पण ती अशी की मानेला फक्त उजळ आणि काळे डाग हवे होते, म्हणून गुच्छ आणि मांजर आले. बचाव चतुर आहे, पण फारच भाबडा. नुसते डाग हवे असते तर ते नाव कशाला दिले असते?

चित्रासाठी बसलेली व्हिक्तोरीन मरां पुढे स्वतः चित्रकार झाली. 1876 च्या सलाँमध्ये तिचे चित्र लागले. त्या वर्षी मानेची चित्रे नाकारली गेली होती!

'ऑलिंपिया' मानेच्या हयातीत विकले गेले नाही. 1883 मध्ये तो गेला. त्याची विधवा ते एका अमेरिकन गिऱ्हाइकाला देणार, अशी कुणकुण लागताच चित्रकार क्लोद मोनेने वर्गणी काढली. जवळपास 20,000 फ्रँक जमले आणि 1890 मध्ये चित्र सरकारला देण्यात आले. लूव्र या पॅरिसच्या मोठ्या संग्रहालयाने मात्र लगेच दार उघडले नाही. चित्र पॅरिसच्याच लुक्झेंबर्ग संग्रहालयात गेले. 1907 मध्ये मोनेने आपला जुना मित्र, पंतप्रधान क्लेमांसो, याच्याकडे शब्द टाकला, आणि त्याच्या हुकमाने 'ऑलिंपिया' लूव्रमध्ये चित्रकार आंग्रच्या 'ओडालिस्क' या नग्न स्त्रीच्या चित्राच्या जोडीला लागले.