मेल्टन मोब्रे : खाद्यपरंपरा

मेल्टन मोब्रे हे इंग्लंडच्या लेस्टरशर परगण्यातले बाजारपेठेचे गाव. राजा विल्यमने करवून घेतलेल्या १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या मोजणीत इथल्या बाजाराची नोंद आहे. मंगळवारचा बाजार आजही भरतो. स्टिल्टन चीज आणि पोर्क पाय (इंग्रजीत pie, म्हणजे मैद्याच्या आवरणात डुकराचे मांस भरून भाजलेला पदार्थ) ही गावाची दोन नामांकित उत्पादने. त्यांची माहिती सहसा वेगवेगळी दिली जाते, पण पायची भरभराट झाली ती चीजच्या टाकाऊ पाण्यावर.

अठराव्या शतकात भोवतालच्या शेतजमिनींना कुंपणे पडली आणि बरीचशी जमीन कुरणाखाली आली. दूधदुभते वाढले, तसे चीजही. एका आठ किलोच्या स्टिल्टनला सुमारे ७८ लिटर दूध लागते. दही धरल्यावर जी निवळी उरते ती फेकण्याऐवजी डुकरांना पाजली जाई. त्यामुळे गावात डुकराच्या मांसाला तोटा नव्हता.

खुद्द स्टिल्टन हे गाव दुसऱ्याच परगण्यात, लंडनहून उत्तरेकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर आहे. तिथल्या ‘बेल इन’ या सराईत घोडागाड्यांचे प्रवासी हे चीज विकत घेत, म्हणून त्याला ते नाव पडले. मेल्टनजवळच्या वायमंडम गावच्या फ्रान्सिस पॉलेट या बाईंना ते घडवण्याचे श्रेय परंपरेने दिले जाते. १९९६ पासून कायद्याने स्टिल्टन फक्त लेस्टरशर, डर्बीशर आणि नॉटिंगहॅमशर या तीन परगण्यांतच बनवता येते. म्हणजे स्टिल्टन गावात स्टिल्टन करायला बंदी!

पायचे आवरण करताना चरबी उकळत्या पाण्यात विरघळवून त्यात मैदा मळतात. मोदकाच्या उकडीसारखा हा गोळा गरम असतानाच वळावा लागतो. लाकडी ठोकळ्याभोवती तो वर ओढत नेऊन वाटी करतात, त्यात जाडसर चिरलेले मांस, मीठ आणि मिरी भरतात. साच्याचा आधार न देता भाजल्यामुळे कडा बाहेर फुगतात. मांस आधीपासून खारवून ठेवलेले नसते, म्हणून आत गुलाबी नव्हे तर करडे दिसते. नवख्याला ते शिळे वाटण्याचा संभव आहे. भाजून झाल्यावर झाकणाच्या भोकातून हाडांचा रस ओततात. तो थिजून पोकळी भरतो आणि हवा लागत नसल्याने पाय टिकतो.

हा टिकाऊपणा शिकाऱ्यांच्या पथ्यावर पडला. क्वॉर्न, बीव्हर आणि कॉट्समोर या तीन मोठ्या कोल्हेशिकार मंडळांचा मुक्काम हिवाळ्यात मेल्टनच्या आसपास असे. डुकरे कापण्याचा हंगामही तोच. आधी चाकरांच्या खिशात असलेला पाय मग मालकांच्या खिशात गेला. ही मंडळी पिण्यातही मागे नव्हती : १८३७ मध्ये वॉटरफर्डचा मार्क्विस हा सरदार आणि त्याच्या झिंगलेल्या दोस्तांनी गावातली दारेखिडक्या लाल रंगाने माखल्या आणि पुढे दंड भरला.

१८३१ च्या सुमारास एडवर्ड ॲडकॉक यांनी घोडागाडीने लंडनला पाय धाडायला सुरुवात केली. १८४६ मध्ये रेल्वे आली आणि धंदा देशभर पसरला. नाव गाजले तशा नकलाही निघाल्या. पुढे स्थानिक कारागिरांनी भौगोलिक संरक्षण मागितले, तेव्हा बाहेर पाय बनवणारी एक बडी कंपनी कोर्टात गेली. २००६ मध्ये तिने माघार घेतली. आता ठरलेल्या हद्दीत, ठरलेल्या पद्धतीने केलेल्या पायलाच ‘मेल्टन मोब्रे’ हे नाव लावता येते.