‘भाराक्रांत’ : सोलापूरच्या प्रार्थनासभेतल्या एका शब्दामागे

सोलापुरात एखाद्या घरगुती ख्रिस्ती प्रार्थनासभेला बसलात, तर पहिलं गीत संपल्यावर पाळकसाहेब म्हणतात, "विनंत्या सांगा." मग एकेक जण बोलू लागतो. मुलाची पुण्यातली नोकरी गेली. बचत गटाचा हप्ता थकलाय. सुनेला सातवा लागलाय आणि बीपी उतरत नाही. कोणी नुसतंच "घरासाठी प्रार्थना करा" म्हणून पदर डोळ्यांना लावतं. त्याहून जास्त कोणी विचारत नाही. आणि मग बहुतेक वेळा बायबलमधल्या मत्तयाच्या अकराव्या अध्यायातलं वचन येतं : "अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन." ‘भाराक्रांत’ हा शब्द एरवी बोलण्यात कुठे येतो? इथे मात्र चौथीत शाळा सुटलेली आजीही तो न अडखळता म्हणते.

मराठी नवा करार श्रीरामपूरच्या छापखान्यातून १८११ साली निघाला. हे श्रीरामपूर नगरचं नव्हे, बंगालमधलं. दोनच वर्षांनी, १८१३ मध्ये, अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले. १८३१ मध्ये त्यांनी नगरला ठाणं केलं आणि १८६० च्या दशकात ते सोलापुरात आले. त्यांनी वाचून दाखवलेल्या वचनात पुढे ‘जू’ येतं : "माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे." माणदेश-सोलापूरकडच्या माणसाला जू समजावून सांगावं लागत नाही. खांदा सोललेला बैल त्याने पाहिलेला असतो, आणि नांगराचं जू एका बैलाचं नसतं हेही त्याला ठाऊक असतं.

इथली ओझी आधी पोटाचीच होती. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, मग १८९६-९७ चा, तो सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा. मध्येच प्लेग. दुष्काळात पोरकी झालेली मुलं मिशनने सांभाळली, त्यांना शाळेत घातलं, हातांना काम शिकवलं. अन्नासाठी धर्म बदलला, असा टोमणा त्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ऐकला आहे. मला तो उथळ वाटतो. भाकरी संपल्यावर, दुष्काळ सरल्यावर, दोन-तीन पिढ्यांनंतरही जे टिकलं त्याचा हिशेब त्या टोमण्यात बसत नाही.

दुष्काळ चालू असतानाच, १८७७ मध्ये, सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली. ‘जुनी गिरणी’ म्हणतात ती हीच. भोंग्यावर उठणारं गाव तयार झालं. पुढे गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात हजेरी देणारी माणसंही याच गिरण्यांत राबली. त्या कुंपणातल्या वस्तीच्या, म्हणजे सेटलमेंटच्या, कारभारात काही काळ याच अमेरिकन मिशनऱ्यांच्या ‘अमेरिकन मराठी मिशन’चाही हात होता. "माझ्याकडे या, विसावा देईन" असं वाचणारी माणसं आणि हजेरी घेणारी माणसं एकाच मिशनची, हे चर्चच्या वर्धापनदिनाच्या भाषणांत सहसा येत नाही. यायला हवं. त्याच मिशनने तिथे शाळाही चालवल्या हे खरं, पण कुंपण ते कुंपणच. तो कायदा १९५२ मध्ये गेला. पुढे गिरण्याही एकेक करून बंद पडल्या आणि विनंत्यांमध्ये ‘भोंगा’ जाऊन ‘थकलेला पगार’ आला.

भाराला मराठी गळा मात्र मिशनऱ्यांनी दिला नाही. तो दिला नारायण वामन टिळकांनी. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. इंग्रजी चालीची भाषांतरित गीतं गाणाऱ्या मंडळीला त्यांनी अभंग दिला, टाळ दिला, कीर्तन दिलं. दुःख देवापाशी लाडाने, रुसून, भांडून मांडायची वारकऱ्यांची रीत आयतीच चर्चमध्ये आली. ‘उपासना संगीत’ हे चर्चमधलं गीतांचं पुस्तक उघडून पाहा, टिळक जागोजागी भेटतात.

पण टिळकांच्या श्रद्धेचं ओझं आधी लक्ष्मीबाईंच्या डोक्यावर पडलं. नवरा ख्रिस्ती झाला, संसार मोडला, आणि त्या लहानग्या दत्तूला घेऊन काही काळ राहिल्या त्या याच जिल्ह्यात, पंढरपुरात. जवळजवळ पाच वर्षांच्या ताटातुटीनंतर, १९०० मध्ये, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सगळं त्यांनी हसत-हसवत सांगितलंय. श्रद्धेने दुःख नाहीसं होतं असं त्या कुठे भासवत नाहीत, म्हणूनच त्यांच्यावर विश्वास बसतो.

‘सगळं प्रभूवर टाका’ एवढंच सांगून मोकळं होणारे उपदेशक आज मोबाइलवर रोज दिसतात. बायबलमध्ये मात्र प्रेषित पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात दोन गोष्टी तीन वचनांच्या अंतरावर आहेत : एकमेकांची ओझी वाहा, आणि प्रत्येकाने आपला स्वतःचा भार वाहिला पाहिजे. मूळ ग्रीकमध्येही शब्द दोन. पहिला ‘बारोस’, म्हणजे एकट्याला न पेलणारं वजन; दुसरा ‘फोर्तिऑन’, ज्याने त्याने पाठीवर घ्यायचं गाठोडं. वर मत्तयात हलकं म्हटलंय ते हे दुसरंच. मराठी भाषांतराने पत्रातला फरक ‘ओझी’ आणि ‘भार’ असा सांभाळला आहे, फक्त वाचताना आपण तो गिळून टाकतो.

प्रार्थनासभेत मात्र तो दिसतो. शेवटचा आमेन झाला, खाकी कव्हरं घातलेली गीतांची पुस्तकं पिशवीत गेली, चहा फिरला, की बायकांचं हळू आवाजात सुरू होतं : सुनेला सिव्हिलमध्ये ॲडमिट केलंय तिथे उद्याचा डबा कोण नेणार, परवा कोण, आणि रात्री तिच्याजवळ झोपायला कोण जाणार.