तंद्री कोणाची, वेड कोणाचे: ‘काचेचे हृदय’ पाहताना

वर्नर हरझॉग यांचा १९७६ सालचा ‘काचेचे हृदय’ हा जर्मन चित्रपट पाहिलेले बरेच जण म्हणतात की त्यातले अख्खे गावच वेडे झाले आहे. या म्हणण्यात दोन गोष्टींची गल्लत होते. पडद्यावर दिसते ती तंद्री आहे आणि कथेत घडते ते वेड आहे.

तंद्री अगदी खरी आहे, कारण हरझॉग यांनी बहुतेक नटांना संमोहित करून त्यांच्याकडून भूमिका करवून घेतल्या. म्हणून शब्द रेंगाळतात आणि नजर समोरच्याला ओलांडून भलतीकडेच लागलेली असते. दारूच्या गुत्त्यात एक जण दुसऱ्याच्या डोक्यावर बिअरचा पेला फोडतो, तरी मार खाणारा दचकत नाही. काही वेळाने तो आपली बिअर सावकाश पहिल्याच्या अंगावर ओततो. हे दोघे वेडे नाहीत. त्यांच्यापैकी एकाच्या मरणाचे भाकीत गावातल्या द्रष्ट्याने केलेले आहे आणि ते नुसते त्याच्या दिशेने वाहत चालले आहेत.

वेड आहे ते काचकारखान्याच्या मालकाचे. माणकासारख्या लाल काचेचे गुपित जाणणारा म्यूलबेक ते कोणालाच न सांगता मरतो. त्यावर ही लाली रक्तातूनच येत असणार असे ठरवून मालक लुडमिला या मोलकरणीचा जीव घेतो आणि अखेरीस कारखान्याला आग लावतो. (प्रत्यक्षात अशी लाली सोन्याच्या सूक्ष्म कणांमुळे येते आणि जर्मन रसायनज्ञ योहान कुंकेल यांनी सतराव्या शतकातच जर्मनीतल्या पॉट्सडॅमजवळ तशी काच बनवली होती.) नट संमोहित असल्याने मालकही इतरांइतकाच संथ वाटतो, आणि घोटाळा होतो तो इथेच. पण त्याच्या डोक्यात एक भयंकर तर्क सलगपणे चालू असतो, तसा तर्क गावकऱ्यांपाशी नाही. त्यामुळे पात्राच्या चालीबोलीवरून निदान करू नये, ते काय ठरवते आणि काय करते ते पाहावे.

१९२० च्या ‘डॉ. कॅलिगरी’ या जर्मन मूकपटात नेमकी उलट मांडणी आहे: तिथे संमोहन कथेत आहे आणि नट शुद्धीवर आहेत. हरझॉग यांच्या चित्रपटात द्रष्ट्या हियासची भूमिका करणारे योझेफ बीअरबिख्लर संमोहित नव्हते, आणि चित्रपटात काम करणारे खरेखुरे काचकारागीरही संमोहित नव्हते. तापलेल्या काचेतून एक कारागीर घोडा घडवतो, त्या प्रसंगातली हातांची सफाई पाहिली की बाकीच्या पात्रांचे जडत्व कुठून आले आहे ते वेगळे सांगावे लागत नाही. गावकरी मात्र शुद्धीवरच्या हियासलाच मारहाण करून कोठडीत टाकतात.