पिकअपवरची कयाक आणि वाऱ्याचं गणित

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या नंबरप्लेटवर '१०,००० तळी' असं छापलेलं असतं. उन्हाळा लागला की तिथं आणि शेजारच्या विस्कॉन्सिन-मिशिगनमध्ये पिकअप ट्रकवर कयाक लादून तळ्याकडे निघालेली मंडळी शनिवार-रविवारी हमखास दिसतात. कयाक म्हणजे लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, बहुधा एका माणसापुरती होडी. ती गाडीवर बसवायला तयार रॅक मिळतात, पण किंमत ऐकून बरेच जण स्वतःच करवत हातात घेतात. चार खांब, दोन आडवे वासे, मूठभर बोल्ट. या घरगुती रॅकमध्ये पुष्कळदा लाकूड नको तितकं जाड असतं आणि हवं तिथं नेमकं नसतं.

कारण सगळ्यांना चिंता वजनाची. पण प्लास्टिकची साधी बारा फुटी कयाक भरते २५ किलोच्या आसपास. दोन ठेवल्या तरी ५० किलो, म्हणजे एक सडपातळ माणूस वर बसल्यासारखं. तेवढं कुठलाही बरा वासा पेलेल. कयाक खाली पडेल ही भीती फोल आहे, ती वर उडेल ही खरी.

हिशेब करून बघा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० किलोमीटरला तो दर चौरस मीटरवर सुमारे ४७ किलो वजनाइतका होतो. वरून पाहिलं तर कयाकचं क्षेत्रफळ पावणेदोन-दोन चौरस मीटर असतं, आणि समोरच्या काचेवर आपटून वर उसळलेली हवा नेमकी तिच्या नाकाखाली घुसते. या दाबाचा एक तृतीयांश जरी वरच्या दिशेनं लागला, तरी ३० किलोची उचल झाली. कयाकच्या वजनापेक्षा जास्त. त्या वेगाला ती रॅकवर टेकलेली नसते, पट्ट्यांना ओढत असते. ताशी ११० नं जाताना समोरून ४० चा वारा आला, तर दाब जवळजवळ दुप्पट होतो आणि स्पीडोमीटरवर त्याचा मागमूस नसतो. म्हणून कयाकच्या नाकापासून गाडीच्या पुढच्या भागापर्यंत एक दोर बांधावाच लागतो. नाक पुढच्या वाशापासून जितकं लांब, तितकी तरफ मोठी. आणि तरफेच्या टोकाला बांधलेला साधा दोर मधल्या जाड पट्ट्यापेक्षा जास्त काम करतो.

आता वासे कुठं ठेवायचे? दोन आधारांवर आडवी ठेवलेली लांब वस्तू कुठं टेकवली म्हणजे तिचा आकार कमीत कमी बिघडेल, हे कोडं एकोणिसाव्या शतकात मोजमापाच्या शास्त्रात येऊन बसलं होतं. इंग्लंडचे जॉर्ज एअरी आणि जर्मनीचे फ्रिडरिख बेसेल या खगोलशास्त्रज्ञांची नावं आजही अशा आधारबिंदूंना आहेत. १९२७ साली मीटरची व्याख्या नेमकी करताना प्लॅटिनम-इरिडियमची प्रमाण पट्टी ५७१ मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवावी, असं व्याख्येतच लिहिलं गेलं. अंतर एकूण लांबीच्या साधारण ५६ ते ५८ टक्के असावं, हे त्यातलं सार. बारा फुटी कयाकला हा हिशेब लावला तर दोन वाशांत जेमतेम सात फूट हवेत.

इथंच पिकअप आडवा येतो. चार दारांच्या पिकअपचा हौदा बऱ्याचदा साडेपाच फुटांचा असतो. मग पुढचा वासा केबिनच्या टपावर टाकून मागचा हौद्यात बसवावा आणि दोन्ही एकाच चौकटीत जखडावेत, असं कुणालाही सुचेल. ते करू नये. केबिन आणि हौदा हे एकाच चासीवर वेगवेगळे बसवलेले दोन भाग आहेत. केबिन रबराच्या बैठकांवर असते, हौदा चासीला बोल्टनं घट्ट. दोघांच्या मधली दोन-तीन बोटांची फट उगाच ठेवलेली नसते. एखादा पिकअप होडी उतरवायच्या ओबडधोबड उतारावर एक चाक वर चढवून उभा असेल, तर त्या फटीकडे बघा: वर रुंद, खाली अरुंद, आणि हौद्याची कड केबिनच्या रेषेतून सुटलेली. चासी पिळते आणि दोन्ही भाग आपापल्या परीनं फिरतात. त्यांना लाकडी चौकटीनं जोडलं की ती पिळवट बोल्टच्या भोकांवर येते. आधी भोकं लांबट होतात, मग वासा रेषेरेषेनं चिरतो. म्हणून पुढचे खांब हौद्यातच, केबिनच्या पाठीशी उभे करायचे आणि वासा टपाला न शिवता वरून न्यायचा. आधार थोडे जवळ आले तरी चालतील. कयाक मागे जास्त बाहेर आली तर लाल कापड लावा; अनेक राज्यांत चार फुटांपुढे ते सक्तीचं आहे.

खांबांसाठी हौद्याच्या कडेला चौकोनी खाचा आयत्याच असतात. पण ज्या लाकडाला अमेरिकेत 'टू बाय फोर' म्हणतात ते दोन बाय चार इंच कधीच नसतं. रंधून ते दीड बाय साडेतीन भरतं. खाच मोजूनच लाकूड घ्यावं. आडवा वासा उभ्या बाजूवर ठेवला तर तो पालथ्या वाशापेक्षा जवळजवळ साडेपाच पट ताठ राहतो, कारण ताठपणा उंचीच्या घनानुसार वाढतो. जोरात ब्रेक लागला की ५० किलोच्या कयाक सुमारे ४० किलोच्या रेट्यानं पुढे झुकतात, आणि हा रेटा खांबांच्या डोक्यावर येतो. चौकोन इथं तिरका होतो. जाड खांबानं ते थांबत नाही. थांबतं एका तिरप्या टेकूनं, पातळ असला तरी. एवढी एक पट्टी वगळलेले कितीतरी रॅक रस्त्यावर डुलताना दिसतात.

पावसात टिकावं म्हणून लोक औषध मारलेलं लाकूड घेतात. २००३ अखेर तिथं घरगुती वापराच्या लाकडातून आर्सेनिकचं मिश्रण हद्दपार झालं आणि त्याऐवजी तांब्याचं प्रमाण जास्त असलेली रसायनं आली. हे तांबं ओलाव्यात साध्या लोखंडी बोल्टला गंजवतं, म्हणून जाड जस्ताचा थर दिलेले किंवा स्टेनलेस बोल्ट वापरायचे. ॲल्युमिनियमलाही ते खातं. २०१५ पासूनच्या फोर्ड एफ-१५० चा हौदा ॲल्युमिनियमचा आहे, तिथं लाकूड आणि पत्र्याच्या मध्ये रबर हवंच.

राहिले पट्टे. नायलॉन भिजलं की सैल पडतं, आणि कयाक ओलीच गाडीवर चढते. तेव्हा पट्टे पॉलिस्टरचे. ताणून बसवलेला सपाट पट्टा वेगात घूं-घूं करतो, गवताचं पातं दोन अंगठ्यांत धरून फुंकावं तसा. त्याला मध्ये एक पीळ दिला की वारा प्रत्येक ठिकाणी वेगळ्या कोनानं लागतो, सगळा पट्टा एका तालात थरथरू शकत नाही आणि आवाज बसतो. दातेरी चाकाचे, खटखट आवळायचे पट्टे मात्र टाळा. त्यांची ताकद मालवाहू ट्रकसाठी असते. उन्हात तापलेलं कयाकचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिथिलीन, त्या दाबाखाली हळूहळू बसत जातं, आणि होडीच्या बुडाला पडलेला खळगा घरी पोचेपर्यंत कायमचा होऊ शकतो.