डबीतलं कोरडं पाणी

सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीतल्या पोराच्या डोक्यावर कारागिराने पांढऱ्या पावडरीची चिमूट टाकली, बोटांनी चोळली आणि चपटे केस ताठ उभे राहिले. ‘दादा, केमिकल नाही ना यात?’ ‘नाही रे, मिनरल आहे.’ (मिनरल म्हणजे केमिकल नव्हे, हे नवीनच!) मी डबी मागून घेतली. घटकांच्या यादीत पहिलंच नाव: अ‍ॅक्वा. जे सर्वांत जास्त, ते आधी लिहितात. म्हणजे या भुरभुरीत पावडरीत सगळ्यात जास्त काय, तर पाणी!

करामत दुसऱ्या नावात आहे, सिलिका सिलिलेट, म्हणजे पाण्याने न भिजणारी केलेली सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य). सिलिकॉन टेट्राक्लोराइड हायड्रोजनच्या ज्योतीत जाळलं की सिलिकाचे साधारण 10 नॅनोमीटरचे कण होतात आणि एकमेकांना चिकटून त्यांच्या फांद्याफांद्यांच्या साखळ्या बनतात. अशा एका ग्रॅमचा पृष्ठभाग 200 चौरस मीटरच्या आसपास भरतो. बॅडमिंटनची दोन कोर्टं झाकून वर उरेल. या पृष्ठभागावरचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) पाण्याला धरतात. त्यांच्या हायड्रोजनच्या जागी पाण्याला न धरणारे ट्रायमिथाइलसिलिल गट बसवले, की पृष्ठभाग अळूच्या पानासारखा होतो. पाणी टेकतं, पण भिजवत नाही.

आता ही भुकटी आणि पाणी जोरात घुसळायचं. पाण्याचे बारीक थेंब होतात आणि प्रत्येक थेंबाभोवती भुकटीचं कवच बसतं. मग थेंब शेजारी-शेजारी राहूनही एक होत नाहीत. हेच ‘कोरडं पाणी’, 1968 सालचं पेटंट. त्यात 95 टक्क्यांपर्यंत पाणी मावतं. तळहातावर चोळा: कवचं फुटतात, गार लागतं, हात ओला होतो. पाणी उडून गेलं की त्यात विरघळलेलं पॉलिमर (लांब साखळ्यांच्या रेणूंचा पदार्थ) आणि सिलिका केसांवर उरतात. सिलिका तेलकटपणा शोषते आणि केसाला केस घासू लागतो. घाटात चाकं घसरू नयेत म्हणून इंजिन रुळांवर वाळू सोडतं, तसंच. केस दाट वगैरे काही होत नाहीत, नुसते दिसतात.

सिलिका म्हटलं की मंदसौरच्या पाटीपेन्सिलींच्या कारखान्यांतला सिलिकोसिस (धुळीने होणारा फुप्फुसांचा रोग) आठवतो. पण तो स्फटिकी सिलिकाचा, क्वार्ट्झच्या धुळीचा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने श्वासातून जाणारी ती धूळ पहिल्या गटात, म्हणजे निश्चित कर्करोगकारकांत, टाकली आहे. डबीतली अस्फटिकी सिलिका तिसऱ्या गटात, म्हणजे वर्गीकरण करता येत नाही अशांत. तरीही बारीक भुकटी फुप्फुसात कशाला न्यायची? डोक्यावर डबी झटकण्यापेक्षा तळहातावर घ्यावी. आणि धुताना शॅम्पू लागतोच. नुसतं पाणी अळूवरून ओघळावं तसं निघून जातं.